पाठकोरा कागद

“‘छंद : विहिरीत पोहणे, भाषणे ऐकणे व राजकारण!’” बाळासाहेब कोळेकरनं हातातला कागद डोक्यावर धरून वाचलं आणि अख्खा वर्ग बाकांवर लवंडला.

“राजकारण छंद हाय व्हय रे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“सांगोल्याकडचा असंल गडी,” बाळासाहेब म्हणाला. “आमच्याकडं तान्ह्या पोराचापण तोच छंद असतोय.”

आमचा एम.फिल.चा वर्ग. उपळेकर सर अजून यायचे होते. त्यांनी शिपायाबरोबर ओव्यांचे कागद पुढं पाठवून दिले होते. ओव्या वाचायच्या सोडून आम्ही कागद उलटे करून बसलो होतो.

सरांच्या वर्गात कोरा कागद कधी मिळायचा नाही, पाठकोरा मिळायचा. एका बाजूला कसलं तरी जुनं काम होऊन गेलेलं, पाठ तेवढी कोरी. साऱ्या विद्यापीठातून सर असे कागद गोळा करत, पोत्यात भरून ठेवत, दोऱ्यानं शिवून त्याच्या वह्या करत. कधी मागच्या बाजूला परीक्षेचं वेळापत्रक निघे, कधी पाणीपुरवठ्याचं टेंडर. त्या दिवशी निघाले ते प्रवेशाचे अर्ज होते.

“ठेव की रे ते,” नजमा म्हणाली. नजमा पटेल माझ्या शेजारी बसायची. “कुणाचा तरी अर्ज आहे. बिचाऱ्याला प्रवेश मिळाला नाही, वर तू हसतोयस.”

“त्याला कुठं ऐकू जातंय?” बाळासाहेब पुढं वाचू लागला. “‘वैवाहिक स्थिती : विवाहित. पत्नी माहेरी. प्रकरण...’”

तो थांबला. हसणंही थांबलं. बाळासाहेबानं कागद हळूच पालथा घातला आणि त्याच्यावरून तळवा फिरवला, जसा काही चुरगळला होता.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “बाळ्या! तुझा माझ्याकडं हाय की रं! बारावीला इंग्रजीत पस्तीस? आन् आम्हाला सांगत होतास सत्तर?”

बाळासाहेब बाकांवरून उड्या मारत गेला. पुन्हा हशा उसळला. कागद ओढताना फाटला, अर्धा याच्या हातात, अर्धा त्याच्या. बाळासाहेब लालेलाल होऊन जागेवर आला, तेव्हा नजमाही हसत होती. मी मात्र हसायची थांबले होते.

ते नुसते प्रवेश न मिळालेल्यांचे अर्ज नव्हते. आमचेही होते.

मी माझा कागद उलटून पाहिला. कुणा मुलीचा फोटो होता, झेरॉक्समध्ये काळाठिक्कर पडलेला. कपाळ आणि दात तेवढे दिसत होते. मी नजमाचा बघितला, पुढच्या बाकावरचा मागून घेतला, त्याच्या पुढचा मागितला, असं करत साऱ्या वर्गाचे पाहिले.

“काय शोधतेस, शालन?”

“काही नाही.”

“तोंड बघ कसं झालंय तुझं. तुझ्या अर्जात काय होतं एवढं?”

तेवढ्यात सर आत आले, सगळे उठून उभे राहिले. त्या तासाला सरांनी काय शिकवलं ते आजही आठवत नाही.

तास संपताच मी त्यांच्या मागोमाग खोलीत गेले. सर खुर्चीवर बसून पाणी पीत होते. खादीचा सदरा, कोपरावर रफू. कपाटाशेजारी ते पोतं.

“ये, शालन. ताई कशा आहेत? येत्या रविवारी मीच तुमच्या घरी येतो म्हणून सांग त्यांना. त्यांना परत बसची दगदग नको.”

ताई म्हणजे माझी आई.

“सर, आज वाटले ते कागद... ते आमचे अर्ज होते.”

“हो ना. मुलाखतीला समितीतल्या प्रत्येकासाठी एकेक प्रत काढली होती. पाच जणांच्या पाच. केवढा कागद तो! काम झालं म्हणून टाकून द्यायचा?”

“सर, त्यात घरचं सगळं असतं.”

सर हसले. त्यांचं हसणं फार निर्मळ होतं, म्हणून बोलणं आणखी अवघड व्हायचं. “घरचं म्हणजे काय गं? गरिबीच ना? ती काय लपवायची गोष्ट आहे? मी वार लावून जेवून शिकलोय. सांगतो की सगळ्यांना.”

“तुम्ही सांगता, सर,” मी म्हणाले. “तुमचं तुम्ही सांगता.”

सरांनी पेला खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिले. मग उठले आणि पोतं ओढून खोलीच्या मधोमध आणलं.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि कागद उपसू लागलो. किती जणांची आयुष्यं त्या पोत्यात एकमेकांना चिकटून पडली होती! कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या बापाचा मृत्यूचा दाखला, कुणाचा अपंगत्वाचा, कुणाचा घरचा पत्ता ‘सध्या मामाकडे’. मी नजर चोरून शोधत होते. माझी पानं वेगळी ओळखू यायची, कारण अर्जाच्या रकान्यात मावलं नाही म्हणून मी एक जादा पान जोडलं होतं, माझ्या हातानं लिहिलेलं. ते पान सापडलं. मग तेच पुन्हा, आणि पुन्हा, आणि पुन्हा. चार प्रती मिळाल्या. पाचवी काही मिळेना.

“वर्गात गेली असेल का?” सरांनी विचारलं.

“सगळ्यांचे बघितले, सर.”

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. पुसतापुसता त्यांचा हात थांबला.

“गेल्या रविवारी ताईंना ओवी लिहून दिली ना मी,” ते म्हणाले, “तो कागद याच गठ्ठ्यातून ओढला होता.”

“कुठलं पान होतं, सर?”

“मागची बाजू मी कधी बघत नाही, शालन.”

*

ते पान मी हौसेनं लिहिलेलं नव्हतं. बी.ए. आणि एम.ए. यांच्यामध्ये माझी पाच वर्षं गेली होती. अर्जात रकाना होता : ‘शिक्षणात खंड असल्यास त्याचे सविस्तर कारण’. मी लिहिलं होतं, ‘घरगुती कारण’. खिडकीतल्या हिरेमठ भाऊसाहेबांनी अर्ज परत बाहेर सरकवला.

“हे असं चालत नाही बाई. सविस्तर पाहिजे. दाखला असंल तर जोडा. नाहीतर छाननीत बाद.”

“कोण वाचणार भाऊसाहेब ते?”

“कमिटी वाचणार. मग फाइलला लागणार. फाइल कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडं.” त्यांनी कमरेचा जुडगा वाजवून दाखवला. “बिनघोर लिहा.”

मी बाहेर कट्ट्यावर बसून लिहिलं. धाकटा भाऊ तापानं गेला, त्याच्यामागं आईचं मन फिरलं. ती आम्हाला ओळखेना. भिंतीशी बोले, जेवायची नाही. आधी दर्गा झाला, मग देवऋषी, मग मिरजेचे डॉक्टर, मग मनोरुग्णालय. अण्णा, माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, त्यांची ड्यूटी मुक्कामाची. तेव्हा घर मी धरून बसले. एसटीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही सांगितलं होतं की आई माहेरी शेतावर असते. आई बरी होऊन परत आली, तेव्हा तिलाही तेच सांगायला शिकवलं. ती म्हणायचीही, “भावाकडं होते की. ज्वारीची काढणी होती.” पाच वर्षं चाललेली काढणी.

लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे खरं. जे कुणापाशी बोलता आलं नाही ते कागदापाशी बोलले. आणि ते पान चांगलं उतरलं. जरा जास्तच चांगलं. मुलाखतीत उपळेकर सरांनी त्यातलं शेवटचं वाक्य समितीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मला विचारलं, “म्हणजे तुमच्या मातोश्री गातात?”

गायच्या तर! आजारात गायची ते वेगळं. आता बरी झाल्यावर ती हलक्या आवाजात, काम करता करता गायची. क्वार्टर्सच्या दोन खोल्यांत जातं कुठलं आलं? पण ताटात गहू घेऊन निवडायला बसली की तिचा हात आपसूक गोल फिरे आणि ओठांवर ओवी येई.

सरांच्या आग्रहावरून त्या रविवारी मी तिला विद्यापीठात घेऊन गेले होते. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. बसमध्ये खिडकीशी बसून येणारी प्रत्येक पाटी बोट लावून लावून वाचली. चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि अण्णांच्या नोकरीमुळं एसटीच्या पाट्यांवर तिचं वाचन टिकून होतं. “मंगळ... वेढा. मार्गे... मोहोळ.” वाचून झालं की माझ्याकडं बघायची, बरोबर आहे का म्हणून.

सरांनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, स्वतः चहा करून आणला. आई आधी लाजली. मग तिनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो गोल फिरू लागला.

“ताई, हात?” सरांनी विचारलं.

“जातं नसलं म्हणून हात कसा ऱ्हाईल, सर?” आई म्हणाली, आणि डोळे मिटून गायला लागली.

लेक चालली शाळंला, वाट माळाची उन्हाची
वाऱ्या हळू वाहा बाई, पाटी कोवळ्या मनाची

सर लिहायचे थांबले. नुसते ऐकत राहिले. आईनं आणखी गायल्या. तिच्याजवळ त्या किती होत्या हे मलाही ठाऊक नव्हतं. एकीतून दुसरी निघत होती, पदरातून गाठ सुटावी आणि आत दुसरी गाठ निघावी, तशी.

मनातलं माझ्या मनी, दळणात मिसळीलं
पीठ झालं गं बारीक, कुणा न्हाई उमगलं

“ताई, याचं पुस्तक करू आपण,” सर म्हणाले. “वर तुमचं नाव. हौसाबाई वाघमोडे यांच्या ओव्या.”

“माझं नाव छापणार? एसटीच्या पाटीवानी?”

“त्याहून मोठं.”

आई इतकी हसली, इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. त्या पाच वर्षांनंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदा बघितलं. निघताना तिनं सरांना म्हटलं, “माझी ती लेकीची तेवढी मला एका कागदावर लिवून द्या. मी काय गायले ते मला वाचायचंय.” सरांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढला, टाकानं वळणदार अक्षरात ओवी लिहिली, खाली तिचं नाव लिहिलं. घरी येईपर्यंत तिनं तिकीट आणि तो कागद एकाच मुठीत धरून ठेवला होता.

मी तेव्हा कागद उलटून बघितला नाही. कुणाची नजर आपल्या नावावरून उठते आणि पाठीमागं जाते?

*

सरांच्या खोलीतून निघाले ती धावतच. स्टँडवर बस मिळेना. मिळाली तर ती दर थांब्याला रेंगाळे. रविवारपासून तो कागद आईच्या उशाखाली होता. काल तिनं शेजारच्या मोरेवहिनींना तो दाखवला होता, मी स्वतः ऐकलं होतं. “वाचा की वहिनी, माझं नाव बी हाय खाली.” मोरेवहिनींनी दुसरी बाजू बघितली असेल तर साऱ्या क्वार्टर्सला कळणार होतं की काढणी कुठं होती. पण खरं सांगते, बसमध्ये मला मोरेवहिनी फारशा आठवल्या नाहीत. मला आईचं बोट दिसत होतं. पाटीवरून अक्षर अक्षर सरकणारं.

घरी पोचले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. समोर वाटीत कणकेची खळ, हाताची बोटं चिकट. समोरच्या भिंतीवर, खिडकी आणि फडताळ यांच्यामधल्या जागेत, ओवीचा कागद चिकटवलेला. कडा अजून ओल्या होत्या. सरांचं अक्षर भिंतीवर कसं लखलखत होतं.

मला एकदम हुश्श झालं. मागची बाजू भिंतीत गेली होती.

“आलीस? लवकर गं?” आई म्हणाली. “सरळ लागलाय का बघ.”

“सरळ आहे.” मला अजून धाप लागत होती. “खळ कशाला लावलीस आई? मी फ्रेम करून आणली असती. खिळ्याला अडकवला असता.”

“खिळ्याला वाऱ्यानं उलटत होता,” ती म्हणाली. “सकाळधरनं बघते. आता न्हाई उलटायचा.”

तिनं वाटीतली उरलेली खळ बोटानं निपटून कागदाच्या खालच्या कोपऱ्याला लावली आणि तळव्यानं दाबून धरली. बराच वेळ धरली.

“आई, तू... वाचलंस का?”

“वाचलं की. सरांचं अक्षर कसं मोत्यावानी.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “माझंच हाय. मला काय परकं हाय?”

मी पुढं विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर मागच्या बाजूला काहीतरी होतं हे मीच सांगितल्यासारखं झालं असतं. मी स्वतःला समजावलं, की झेरॉक्समधलं माझं गिचमिड अक्षर तिला लागणार नाही. पाटीवरची अक्षरं एवढाली असतात, माझी मुंगीएवढी.

“जेवून घे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी शेंगा घालून भाजी केलीय. उनात हिंडू नकोस अशी. वाळून चाललीस.”

तिनं मला वाढलं, समोर बसली, मी जेवते ते बघत राहिली. मध्येच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती असं करायची नाही. खळीचा हात होता, केसांना चिकटला. मी म्हटलं, “आई, हात!” ती म्हणाली, “आगं बया, इसरलेच.”

*

रविवारी सर आले. बरोबर टेपरेकॉर्डर, नव्या कॅसेटी आणि एक करकरीत कोरी वही. त्यांच्या हातात कोरी वही मी पहिल्यांदाच पाहिली. दारातच त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, “मिळालं?” मी भिंतीकडं बोट केलं. सरांनी कागद पाहिला, मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आम्ही दोघंही सुटलो असं आम्हाला वाटलं.

आईनं चटई टाकली, चहा केला. उन्हाळ्याचे दिवस. सर घामाघूम झाले होते. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि म्हणाले, “हं ताई, आता निवांत. परवाच्यातली ती दळणाची पुन्हा म्हणा आधी.”

आई उठली. खिडकीपाशी गेली आणि तिनं खिडकी लावून घेतली. वरची खिट्टी, मग खालची. मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथलीही लावून आली.

“ताई, राहू द्या की उघडी,” सर म्हणाले. “उकडतंय फार.”

“नको,” आई म्हणाली. “आवाज बाहेर जातोय.”

“जाऊ दे की! चांगला आवाज आहे.”

“शेजारी असत्यात, सर.”

ती येऊन बसली. हात मांडीवर ठेवले. एका हातावर दुसरा, असे. डोळे मिटले. यंत्राची चकती गरगर फिरत होती, तिची खरखर तेवढी खोलीत होती.

“आठवत न्हाई,” आई म्हणाली.

“मी सुरुवात सांगू? ‘मनातलं माझ्या मनी...’”

“व्हय. तीच. पर फुडचं आठवत न्हाई.”

“बरं, दुसरी कुठली. लेकीची?”

“ती हाय की लिवलेली,” तिनं भिंतीकडं मान केली. “मला मेलीला काय येतंय, सर? त्या दिवशी कुठनं आलं कुणास ठावं. दुखणाईत माणूस मी. डोक्यात ऱ्हात न्हाई.”

दुखणाईत. सरांसमोर तिनं हा शब्द उच्चारला. भावाकडची काढणी तिनं मध्ये आणली नाही. मी चमकून बघितलं, पण ती चहाचे कप गोळा करत होती.

सर आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा खिडक्या आधी लागल्या आणि चहानंतर यंत्र बंद झालं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. तोवर त्यांच्या खोलीतलं पोतंही दिसेनासं झालं होतं. वर्गात आम्हाला कोरे कागद मिळू लागले. बाळासाहेब म्हणाला, “सरांना लॉटरी लागली काय रे?” सर त्यावर हसले नाहीत. पुस्तक झालं नाही. विभागाच्या कपाटात आईच्या नावाची एकच कॅसेट राहिली, त्या पहिल्या रविवारची. ती पुढं ओल येऊन खराब झाली असं कळलं.

घरात आई बोलायची, हसायची, मोरेवहिनींशी भांडायची, सगळं करायची. गहूही निवडायची. हात ताटात सरळ चालायचा, पुढं आणि मागं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी असं होतं, विसर पडतो. मी ते धरून बसले. धरायला ते बरं होतं.

*

आता मी एका महाविद्यालयात शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्रवेशाचे अर्ज येतात, हल्ली संगणकावर. तो रकाना अजून आहे, आणि त्यात ‘सविस्तर’ हा शब्दही आहे. कुणी तिथं ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं असेल तर मी पुढं जाते. तो अर्ज परत पाठवत नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा आम्हाला क्वार्टर सोडावी लागली. सामान टेम्पोत चढवून झालं होतं. खोल्या रिकाम्या, बोललेलं घुमत होतं. भिंतीवर तेवढा तो कागद राहिला होता, धुरानं पिवळा पडलेला, शाई फिकी झालेली.

“हा काढून घेते,” मी म्हटलं.

“निघायचा न्हाई,” आई दारातून म्हणाली. “खळ हाय.”

“ओला करून बघते.”

मी फडकं भिजवून कागदावर दाबलं, थोडं थांबले, मग नखानं कोपरा सोडवला. सुटला. मला आनंद झाला. मी हलक्या हातानं ओढत गेले. लेक चालली शाळंला. वाट माळाची. आणि मग लक्षात आलं की सगळा कागद येत नाहीये. वरचा पापुद्रा तेवढा येतोय. शाई पाण्यानं पसरली, ओवीचा निळा डाग झाला, आणि माझ्या हातात लगदा आला. आईचं नाव माझ्या बोटांना लागलं.

भिंतीवर कागदाचा पातळ थर तसाच चिकटून राहिला होता. ओला होऊन तो आरपार झाला होता, आणि त्याच्यातून काळी अक्षरं दिसत होती. उलटी. आरशात दिसावी तशी. झेरॉक्सचा काळा रंग पाण्यानं गेला नव्हता. माझं अक्षर. मी डावीकडून उजवीकडं वाचायची धडपड सोडली आणि उजवीकडून वाचू लागले. वाचायची गरज नव्हती तरी वाचत गेले. शेवटची ओळ, सरांनी समितीला वाचून दाखवलेली, कागदाच्या अगदी तळाशी होती. आईनं त्या दिवशी तळव्यानं दाबून धरलेल्या कोपऱ्यात.

‘आई गाऊ लागली की आम्ही खिडक्या लावून घेत असू.’

माझ्या हातातलं फडकं ठिबकत होतं. मी ते त्या ओळीवर घासू लागले. नखानं खरवडू लागले. चुना निघाला, पण अक्षरं काही निघेनात.

आई आत आली. माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं भिंतीकडं बघितलं. तिला ते नवीन नव्हतं.

“ऱ्हाऊ दे गं,” ती म्हणाली. “नवी माणसं यायच्या आधी चुना मारत्यात.”

तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, पिळलं, आणि माझी बोटं एकेक करून पुसली. लहानपणी पाटी पुसून झाल्यावर पुसायची तशी.

मी तिचा हात सोडवला आणि खिडकीकडं गेले. वरची खिट्टी गंजून बसली होती. मी दोन्ही हातांनी ओढली. खालची ठोकून काढली. झडपा फुगून एकमेकींत रुतल्या होत्या. मी खांदा लावला. खिडकी कचकचत उघडली आणि ऊन आत आलं, समोरच्या लिंबावरच्या साळुंक्यांचा कलकलाट आला, डेपोतल्या गाडीचा हॉर्न आला. सगळा आवाज आत आला.

मी वळून आईकडं बघितलं. ती उन्हानं डोळे बारीक करून उभी होती, ओलं फडकं छातीशी धरून.

“आता कशाला उघडतीस?” ती म्हणाली. “निघायचंय की.”